न हलणाऱ्या गाडीचा पट्टा

न हलणाऱ्या गाडीत बसून पट्टा बांधणारा माणूस मी एकच पाहिला. गाडी म्हणजे काय, तर बंगळुरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात चौकोनी नळ्या जोडून केलेली लोखंडी चौकट, तिथल्याच शिवाजीनगरच्या भंगारातून उचललेली कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीची सीट, पुढे चाक, खाली तीन पेडल आणि समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे. चौकट जमिनीत बोल्टनं आवळलेली. भूकंप झाला असता तरच ती हलली असती. तरी अण्णा सीटवर बसले की आधी खांद्यावरून पट्टा ओढायचे, खटका लावायचे, दोनदा हिसका देऊन बघायचे आणि मग म्हणायचे, "सरी. होगोणा." ठीक आहे, निघू या. आमच्यातला केदार एकदा म्हणाला, "अण्णा, हा गेम आहे. पडद्यावर आपटलात तर रिसेट मारायचं." अण्णांनी पट्टा तिसऱ्यांदा ओढला. "डोकं घाबरतं रे. हात घाबरत नाही. हाताला सवय असली म्हणजे डोक्याची गरज नाही."

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, संताप आला. 'ज्यांच्याकडे चाकं आहेत त्यांचा रस्ता, आणि ज्यांच्याकडे नुसते पाय आहेत त्यांचं नशीब' असं मी माझ्या पत्रकात लिहिलं होतं, आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला मी आज तयार नाही. या शहरात फुटपाथवर दुचाक्या चढतात आणि चालणाऱ्यालाच 'बाजूला हो' म्हणतात. त्यात हा म्हातारा. खऱ्या रस्त्यावर खरी मोटार कशी चालवतो ते मी आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं, आणि इथे खेळण्यातल्या मोटारीत सुरक्षेचं नाटक करतोय, असं मला वाटलं.

आठवड्यापूर्वी काय झालं होतं ते सांगते. शिवाजीनगरच्या बस स्टँडसमोर मी पत्रकं वाटत उभी होते. मागणी साधी होती. परवाना म्हणजे सातबारा नव्हे. एका वयानंतर डोळे, कान, हात पुन्हा तपासा, शिक्क्यापुरते नाही, खरोखर तपासा, आणि जो नापास होईल त्याला खाली उतरवा. तेवढ्यात एक जुनी पांढरी मोटार अगदी सावकाश आली आणि तिच्या डाव्या आरशानं माझ्या हातातला गठ्ठा उडवून दिला. पत्रकं रस्ताभर. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "आंधळे आहात का?"

गाडी थांबली. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, असा एक उंच म्हातारा खाली उतरला आणि भर रस्त्यात वाकून पत्रकं गोळा करायला लागला. मागे हॉर्नचा कल्लोळ. "तू कुठनं आलीस?" त्यानंही मराठीतच विचारलं.

"मी इथंच उभी आहे. सकाळपासून."

"तसं नव्हे. आत्ता, आत्ता कुठनं आलीस?"

"काका, मी हललेच नाही. तुम्ही आलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या आरशाकडे पाहिलं, आणि हातातलं पत्रक तिथेच वाचायला घेतलं. मागच्या रिक्षावाल्यानं कानडीत त्यांचं कुळ काढलं. त्याला हात दाखवून म्हणाले, "स्वल्प थांब अप्पा, वाचतोय." वाचून झाल्यावर घडी करून खिशात ठेवलं. "तिखट लिहितेस. पण परीक्षा कशी घेणार, ते नाही लिहिलं."

"ते सरकारनं ठरवायचं."

"सरकार कधी ठरवणार, मी कधी मरणार. रविवारी पीण्याला ये. माझी परीक्षा तू घे."

अण्णांचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. शहाजीराजांच्या घोड्यामागून चालत आलो, असं ते सांगत. घोडा कुणाचा हे दर वेळी बदलायचं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि दोन्ही उंबऱ्यावर एकमेकांत मिसळलेल्या. माझे बाबा सोलापूरचे, इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. मी शाळेत असताना आम्ही आलो. त्यामुळे माझ्या बोलण्याला अण्णा 'इस्त्रीचं मराठी' म्हणत. "आमचं दोरीवर वाळवलेलं," म्हणायचे. "चुरगळलेलं असतं, पण अंगाला बरं." माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पत्रकांवरून मला ते 'पांप्लेट' म्हणत, आणि लाडात आले की 'एनम्मा', म्हणजे 'काय गं बाई'.

रविवारी कारखाना बंद असायचा. लेथ मशिनवर कापडं टाकलेली, हवेत थंडाव्याच्या तेलाचा वास, आणि मागच्या भिंतीला तसल्या तीन चौकटी. कारखाना आता त्यांची मुलगी शुभाक्का चालवायची. तिनं मला चहा दिला आणि बाजूला नेऊन सांगितलं की अण्णांना काचबिंदू आहे. "समोरचं सगळं दिसतं त्यांना. पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात. बाजूचं गेलंय. दारातनं कोणी आत आलं तर त्यांना तो माणूस एकदम समोर उगवतो." डॉक्टरांनी मोटार चालवू नका असं स्वच्छ सांगितलं होतं. अण्णांचं उत्तर तयार होतं: "समोरचं दिसतं ना? मोटार समोरच जाते." आणि रोज सकाळी ते शिवाजीनगरच्या घरातून निघून, त्या सगळ्या गर्दीतून, पीण्यापर्यंत स्वतः मोटार चालवत यायचे. शुभाक्कानं किल्ली लपवली तर रुसून दोन वेळा जेवायचे नाहीत. "तू काही तरी कर," ती मला म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. एक दिवस कुणाचं तरी पोर जाईल."

म्हणजे प्रश्न एका किल्लीचा होता. माझ्या लेखी तो साधा होता. किल्ली काढून घ्यायची.

पण अण्णांना साधं काही चालत नसे, आणि घाईचं तर मुळीच नाही. 'स्वल्प' हा त्यांचा शब्द. स्वल्प म्हणजे थोडं, जरा. शर्यतीच्या खेळात बाकीचे 'दाब, दाब' ओरडतात, हे म्हणायचे, "स्वल्प हळू." केदार पुण्याचा, इथल्या इंदिरानगरात कुठल्याशा कंपनीत कामाला, त्याला हे सोसायचं नाही. "अण्णा, ब्रेक लेट मारा ना. दर लॅपला सेकंदाचे दोन टेन्थ मिळतील."

"मिळालेले ठेवशील कुठं?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी गाडीच नसली तर ते दोन टेन्थ ठेवशील कुठं? लांब शर्यतीत पहिला येणारा जिंकत नाही केदार. उरलेला जिंकतो."

ती लांब शर्यत म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची. तिचं साठच्या दशकाच्या अखेरचं एक वर्ष परदेशातल्या काही हौशी मंडळींनी इंटरनेटवर जसंच्या तसं उभं केलं होतं. त्या वर्षीच्या मोटारी, त्या वर्षीचा रस्ता, तो मैलोगणती सरळ पट्टा, तीच झाडं. चोवीस तास सहा तासांत बसवलेले, म्हणजे पडद्यावरचा सूर्य चौपट वेगानं मावळणार आणि उगवणार. जगभरातले संघ आपापल्या खोल्यांतून खेळणार. आमच्याकडे एक छोट्या इंजिनाची निळी मोटार होती, कारण अण्णांना मोठी नकोच होती. मोठ्या मोटारी सरळ पट्ट्यावर हिच्या जवळजवळ दुप्पट वेगानं जायच्या. लहान मोटारीचं अर्धं काम म्हणजे मागून येणाऱ्यांना वाट देणं आणि न मरणं. "आपण या शर्यतीतले पादचारी," अण्णा मला म्हणाले. "तुला आवडेल."

तेच वर्ष का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या काळी शर्यतीची सुरुवात धावून व्हायची. मोटारी रस्त्याच्या एका कडेला तिरप्या उभ्या, चालक दुसऱ्या कडेला. निशाण पडलं की धावायचं, उडी मारून बसायचं, सुटायचं. पट्टा बांधण्यात वेळ जातो म्हणून कित्येक जण न बांधताच निघायचे. त्या वर्षी एका तरुण चालकानं धावायला नकार दिला. सगळे धावले, हा रस्ता ओलांडून चालत गेला. सावकाश बसला, पट्टा बांधला, सगळ्यांत शेवटी सुटला. "आणि न बांधता निघालेला एक जण पहिल्याच फेरीत गेला," अण्णा म्हणाले.

"आणि जो चालत गेला तो?"

"तो? तो जिंकला."

मी सभा पाहिल्या आहेत, मोर्चे काढले आहेत, घोषणांनी घसा बसवून घेतला आहे. नुसतं चालत जाऊन निषेध करता येतो, आणि वर जिंकताही येतं, हे मला कुठल्याच सभेत कोणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यावरचा माझा राग त्या दिवशी स्वल्प कमी झाला. किल्लीवरचा झाला नाही.

मग सौदा ठरला. शर्यतीत अण्णा दोन पाळ्या चालवणार, एक दिवसाची, एक रात्रीची. बाजूनं आलेल्या एकाही मोटारीला त्यांची मोटार घासली तर किल्ली शुभाक्काची. नाही घासली तर आम्ही दोघींनी त्यांच्या मोटारीचं नाव पुन्हा काढायचं नाही. किल्ली त्यांनी स्वतः नेऊन मापं तपासायच्या सपाट लोखंडी पाटावर ठेवली. "परीक्षक समोर बसेल," म्हणाले, आणि मला हेडफोन दिला.

इथे आम्ही सगळ्यांनी मिळून एक मूर्खपणा केला, आणि तो कुणाच्याही ध्यानात आला नाही. स्पर्धेच्या नियमानुसार कॉम्प्युटरनं शेजारच्या मोटारीची सूचना देणं बंद होतं. पण संघातल्या माणसानं कानात सांगितलं तर चालणार होतं. अण्णा, केदार, शुभाक्का हे तिघं चालक. चौथी मी, जिला मोटार येतच नाही. म्हणून कानात सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझ्यासमोर वेगळा पडदा. त्यावर सगळ्या मोटारी दिसायच्या, आणि पायाखाली एका जुन्या प्रेस मशिनचं पायाचं बटण, जे केदारनं माइकला जोडलं होतं. दाबलं की माझा आवाज चालकाच्या कानात. महिनाभर सराव केला. मी म्हणायचे, "डावीकडे एक." मग, "अजून आहे." मग, "मोकळं." आणि अण्णा प्रत्येक हाकेला उत्तर द्यायचे, "सरी." माझ्या आयुष्यात माझ्या प्रत्येक वाक्याला 'सरी' म्हणणारा हा पहिला माणूस.

शर्यतीच्या सकाळी शटर अर्धं ओढलं, पडद्यांवर ऊन येऊ नये म्हणून. आयोजकांनी सांगितलं होतं की ज्याला खरं खरं करायचंय त्यानं कॅमेरा लावून भिंतीपाशी उभं राहावं आणि निशाण पडलं की धावत येऊन बसावं. कॅमेऱ्यांच्या चौकटींत सगळं जग धावलं. कोणी मोज्यांवर घसरला, कोणाच्या पायात कुत्रा आला. अण्णा भिंतीपासून निघाले ते देवळात निघाल्यासारखे. बसले, पट्टा, खटका, दोन हिसके. "सरी. होगोणा." आम्ही सगळ्यांत शेवटी सुटलो.

पहिली पाळी त्यांनी सुरेख काढली. हात चाकावर असे ठेवलेले की जणू झोपलेल्या मुलाचं डोकं धरलंय. मोठ्या मोटारी मागून यायच्या, मी सांगायचे, ते रेषा न सोडता सरळ राहायचे, मोटार निघून जायची. "सरी." घासणं सोडा, वाऱ्याचा स्पर्शसुद्धा नाही. मग केदार बसला, मग शुभाक्का. दोघांनी मोटार जपून आणली. पाटावरची किल्ली तिथेच होती. चहाला येता जाता अण्णा तिच्याकडे बघत नव्हते, आणि मी बघत होते.

रात्रीची पाळी आली तेव्हा पीण्यात ऊन डोक्यावर होतं. शटरखालून पांढरी पट्टी आत आली होती, आणि पडद्यावर मिट्ट काळोख. मागून नुसते दिव्यांचे ठिपके यायचे, मोठे व्हायचे, आणि बाजूच्या पडद्यावर एक सावली सळकन जायची. मी न थांबता बोलत होते. डावीकडे एक. अजून आहे. अजून एक त्याच्यामागे. मोकळं. उजवीकडे. तेवढ्यात मला लख्ख कळलं की मी काय करते आहे. डावा पडदा अण्णा बघतच नव्हते. त्यांची मान वळत नव्हती, डोळे वळत नव्हते. ते माझ्या आवाजावर चालवत होते. ज्या माणसाला उतरवायला मी आले होते, त्याला पास करत होते मीच.

शुभाक्कालाही तेच दिसलं असावं. ती माझ्या खुर्चीशी वाकली. "एकदा गप्प राहा," कुजबुजली. "एकच वेळ. लागू दे त्यांना. पडद्यावर आपटू दे, रस्त्यावर नको."

मागून दोन दिवे येत होते. मोठे होत होते. माझ्या जिभेवर शब्द होता आणि शुभाक्काचा हात माझ्या दंडावर. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. ती जे मागत होती तेच माझ्या पत्रकात छापलेलं होतं. पण समोरच्या माणसानं कान माझ्या स्वाधीन केला होता. "फसवून मिळालेली किल्ली मला नको, शुभाक्का," मी म्हटलं, आणि पुढच्याच श्वासात, "डावीकडे एक. अजून आहे. मोकळं."

'सरी' आलं नाही.

मी थांबले. मोटार सरळ चालली होती. इंजिनाचा आवाज एकसारखा. मग हेडफोनमध्ये अण्णांचा आवाज आला, अगदी शांत. "एनम्मा. पुढची एक फेरी बोलू नको."

माझं लक्ष खाली गेलं. पाय बटणावर होता. भीतीनं मी तो कधीचा दाबूनच धरला होता.

ती फेरी मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. ओठ मिटून बसले. शुभाक्का माझ्या मागे उभी. केदारला काही कळलं नव्हतं, तो म्हणाला, "रेडिओ गेला का?" सरळ पट्ट्यावर अण्णांनी मोटार उजव्या कडेला ठेवली. मागे दिवे नव्हते. पट्टा संपला, हळू वळण आलं, गेलं. त्यापुढे डावीकडचं एक वळण आहे, सोपं, शंभरदा घेतलेलं. आणि माझ्या पडद्यावर दिसत होतं की एक मोठी मोटार दिवा फुटलेल्या अवस्थेत, अर्ध्या काळोखात, त्यांच्या अगदी डाव्या अंगाला येऊन चिकटली आहे. डाव्या पडद्यावर ती अर्धा पडदा भरून होती. केदारनं तोंडावर हात घेतला. अण्णांनी नेहमीसारखं, अलगद, चाक डावीकडे वळवलं.

लागलं नाही. त्या मोटारीच्या चालकानं, तो जगात कुठे बसला होता देव जाणे, स्वतःची मोटार गवतात घातली. धूळ उडाली, गिरकी बसली, आणि तो पुन्हा रस्त्यावर आला. अण्णा वळण पूर्ण करून पुढे निघाले होते. इंजिनाचा सूरसुद्धा बदलला नव्हता.

"क्लीन!" केदार ओरडला. "टच नाही झाला. अण्णा, पास."

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अहो, तो डावीकडे होता ना. त्यानं ग्रासवर घेतली. तुम्ही वाचलात."

"कोण होता?" अण्णा म्हणाले. आणि मग, "तो कुठनं आला?"

उत्तर मी त्यांना शिवाजीनगरला एकदा दिलं होतं.

फेरी पूर्ण करून त्यांनी मोटार आत आणली. खटका काढला, पट्टा जागच्या जागी सरकवला, उठले, केदारच्या खांद्यावर थापटलं. "बस. शर्यत सोडायची नाही." मग पाटापाशी गेले आणि किल्ली उचलून माझ्यासमोर धरली.

"घासली नाही, अण्णा," मी म्हटलं. "सौद्याप्रमाणे तुम्ही जिंकलात."

"तो बिचारा गवतात गेला म्हणून मी जिंकलो. शिवाजीनगरात गवत कुठंय?" त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "त्या दिवशी तू तिथं उभी होतीस. मला दिसली नव्हतीस. इतके दिवस मी मनाला सांगत होतो, पोर पळत मधे आली असणार."

शुभाक्का भिंतीकडे तोंड करून उभी होती. अण्णा तिच्याजवळ गेले. "ऐकलं मी. हिचा पाय बटणावरच होता." तिनं मनगटानं डोळे पुसले. "रडू नको गं. बापाला आपटू दे म्हणायला छाती लागते. माझ्यात नव्हती, माझ्या बापाच्या वेळी."

शर्यत केदारनं आणि शुभाक्कानं संपवली. पडद्यावर सूर्य उगवला तेव्हा अण्णा मागे स्टुलावर बसून बघत होते, आणि आमच्या गटात शेवटून दुसरे आलो तेव्हा त्यांनी सगळ्यांना भज्यांची पार्टी दिली. उरलो होतो, त्याची.

संध्याकाळी शुभाक्का म्हणाली, मी सोडते घरी. ते म्हणाले, नको, पांप्लेटबरोबर बसनं जातो. पांढरी मोटार कारखान्याच्या अंगणात राहिली. बसमध्ये मी त्यांना डावीकडची खिडकी दिली. बसल्या बसल्या त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला, पट्टा शोधायला. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ खांद्यावर राहिला, मग मांडीवर आला. "डावीकडे काय काय आहे ते सांगत चल," म्हणाले. मी सांगत गेले. टायरचं दुकान. दर्शिनी, बाहेर उभे राहून लोक इडली खातायत. शाळा सुटलेली नाही, रविवार आहे, पण दोन पोरं दप्तर घेऊन. प्रत्येकाला ते म्हणाले, "सरी."

त्यानंतर किती तरी वेळा आम्ही त्या बसनं गेलो. बसबद्दल त्यांचं मत चांगलं झालं. "बसला मालक नसतो, म्हणून शिव्या द्यायला बरं वाटतं." माझ्या पत्रकांबद्दल मात्र ते तक्रार करत. "तू ओरडून लिहितेस. म्हातारा माणूस ओरडणाऱ्याचं ऐकत नाही, तो आयुष्यभर ओरडत आलेला असतो." मग त्यांनीच एक ओळ सुचवली. आता आमच्या पत्रकात सगळ्यांत वर तीच छापलेली असते: 'मान न वळवता सांगा, तुमच्या डाव्या बाजूला आत्ता कोण उभं आहे?' खाली माझा सगळा तिखटपणा आहेच. तो मी सोडलेला नाही.

ते स्वतः माझ्याबरोबर शिवाजीनगरला उभे राहायचे. मी पत्रक पुढे केलं की काचा वर करणारे त्यांच्या वयाचे मोटारवाले अण्णांकडून मात्र ते घ्यायचे. "वाचा," अण्णा म्हणायचे. "फुकट आहे. स्वल्प कडू आहे." एकानं त्यांना विचारलं, तुम्ही सोडलीत का चालवायची? अण्णा म्हणाले, "सोडली नाही. पुरी झाली."

पीण्यातल्या चौकटीवर ते त्यानंतर चालक म्हणून बसले नाहीत. केदारनं खूप आग्रह केला की हा तर खेळ आहे. "तो गवतात गेला तो पण माणूसच होता," एवढंच बोलले. पुढच्या वर्षी ती शर्यत पुन्हा झाली तेव्हा ते मागे स्टुलावर होते. निशाण पडलं, जग धावलं, आणि आमचा केदार, ज्याला दोन टेन्थसाठी झोप येत नसे, भिंतीपासून चालत आला. बसला, पट्टा बांधला, दोनदा ओढला. अण्णांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

गेल्या थंडीत एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शुभाक्कानं रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळातून ते परत आले नाहीत. त्या सकाळचं मला तिनंच सांगितलं, कारखान्यात, त्या लोखंडी पाटाला टेकून. अण्णांचे डोळे मिटलेले होते, तोंडावर ऑक्सिजन होता, शुद्ध आहे की नाही कळत नव्हतं. रुग्णवाहिकेतल्या माणसानं स्ट्रेचरचा पट्टा त्यांच्या अंगावरून ओढून खटका लावला. अण्णांचा हात हळूच वर आला, पट्ट्यावर चाचपडला आणि त्या हातानं पट्टा ओढून बघितला. एकदा. मग दुसऱ्यांदा.

तो माणूस घाबरला, काय हवंय त्यांना, म्हणून विचारायला लागला. शुभाक्का ड्रायव्हरला म्हणाली, "काही नाही. सरी म्हणतायत. निघा. स्वल्प हळू."